डबलबारी, दशावतार, जाखडी: रात्रीच्या कार्यक्रमात लेन्स आणि सेटिंग कशी ठरवायची

कुडाळ-सावंतवाडीकडची डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), जत्रेतला दशावतार (रात्रभर चालणारं लोकनाट्य), रत्नागिरीकडची जाखडी म्हणजे शक्ती-तुरा, गणपतीतली घरोघरची भजनं. कोकणातलं बरंचसं गाणं-वाजवणं रात्री चालतं आणि मांडववाल्याने जे दिवे बांधले असतील त्यातच फोटो काढावे लागतात. ‘उजेडच नव्हता’ ही तक्रार सगळे करतात. पण गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा कमी उजेड निभावून नेतो. फोटो जास्त बिघडतात ते उजेडाच्या जातीमुळे. एका बाजूला पिवळा हॅलोजन, डोक्यावर पांढरी ट्यूब, मागे निळे-गुलाबी एलईडी पार (रंगीत झोताचे दिवे), आणि त्यातले निम्मे दिवे धडधडत असतात. म्हणून लेन्स बाहेर काढण्याआधी दिवे बघायचे.

धडधडणारे दिवे

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुन्या चोकवर चालणारी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. शटर १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग) ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची एक पूर्ण लहर येते, १/५० ला दोन. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) सारखं राहतं. तेच १/२५० केलं की एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, तिसरीत अर्ध्या भागावर पिवळा पट्टा. हॅलोजनमध्ये हा त्रास जवळपास नसतो, कारण त्यातली तार तेवढ्या वेळात थंड होत नाही.

कार्यक्रमाआधी तपासायची सोपी रीत: मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ लावून एकेका दिव्याकडे धरा. जो दिवा लुकलुकताना दिसेल तो त्रास देणार. मग तीन गोष्टी करायच्या. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. त्यात कॅमेरा उजेडाच्या वरच्या टोकाला शटर सोडतो, बर्स्ट (सलग फ्रेम काढणं) थोडी मंदावते पण फ्रेम सारख्या येतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल शटर लावा, कारण बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात आणि एलईडी पारच्या जलद लुकलुकण्याचे त्यावर आडवे पट्टे उमटतात. आणि दोन्हीने भागलं नाही तर शटर १/१०० वर आणा.

जनरेटरवर कार्यक्रम असेल तर एक भानगड आणखी. लोड वाढला-उतरला की जनरेटरची फ्रिक्वेन्सी पन्नासवरून थोडी इकडेतिकडे होते. ठरलेल्या शटरलाही मग अधूनमधून फरक पडतो. अशा रात्री महत्त्वाच्या क्षणी एक नाही, तीन-चार फ्रेम घ्या. त्यातली एखादी नक्की नीट येते.

लेन्स: अंतर मोजा, मग ठरवा

‘कुठली लेन्स घेऊ?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे उभे राहणार यात आहे. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी एक साधा हिशेब: अंतर मीटरमध्ये, गुणिले ३६, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा). येईल तेवढे मीटर रुंद दृश्य फ्रेममध्ये मावतं. क्रॉप (लहान) सेन्सर असेल तर ३६ च्या जागी २४ धरा. पाच मीटरवरून ८५ मिमी लावली तर सुमारे २.१ मीटर रुंदी, म्हणजे पेटीसकट बसलेले बुवा (मुख्य गायक) आणि बाजूचा एक झांजवाला. तेच क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमीने जवळपास तसंच मिळतं. दहा मीटरवरून २०० मिमीला १.८ मीटर. तीन मीटरवरून ३५ मिमीला तीन मीटर, म्हणजे अर्धी भजनमंडळी.

एकच लेन्स घ्यायची असेल तर क्रॉपवाल्यांनी ५० मिमी एफ/१.८ (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा लहान, तर आत येणारा उजेड जास्त) आणि फुल फ्रेमवाल्यांनी ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी. ५० मिमी तर बहुतेक कंपन्यांची सगळ्यात स्वस्त प्राइम (झूम नसलेली) लेन्स असते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर येते. एफ/५.६ आणि एफ/१.८ मध्ये सव्वातीन स्टॉपहून थोडा जास्तच फरक आहे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. म्हणजे किट लेन्सवर जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १२८०० लागतो तिथे प्राइमवर १२५० पुरतो. नवा कॅमेरा घेण्याआधी ही लेन्स घ्या. पैसे जास्त कामी येतात. किट लेन्स फेकून द्यायची नाही. १८ मिमीला ती एफ/३.५ असते आणि मांडवाचा अख्खा देखावा, गर्दी, मागची रोषणाई यांना चालते.

७०-२०० एफ/२.८ जत्रेच्या मोठ्या मैदानात उपयोगी, कारण तिथे रंगमंचाच्या पुढे बायका-पोरं मांडी घालून बसलेली असतात आणि त्यांच्यापुढे उभं राहणं शोभत नाही. पण ती दीड किलोच्या आसपास जड, महाग, आणि वर्षातून चार रात्रींसाठी विकत घेण्यासारखी नाही. भाड्याने आणा, मोनोपॉड बरोबर ठेवा. रात्रभर हातात धरली तर दुसऱ्या प्रहरात हात थरथरायला लागतात आणि दोष लेन्सला जातो.

७०-३०० एफ/४.५-५.६ रात्रीच्या कार्यक्रमाला आणू नये. शिमग्याला पालखीबरोबर भर उन्हात ढोल-ताशे वाजतात, तिथे ती छान काम देते.

सुरुवातीचे आकडे

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा. मॅन्युअल मोड, एफ/२, १/२५०, आयएसओ ३२००. साधारण उजळलेल्या रंगमंचावर इथून सुरुवात करा, एक फ्रेम घ्या, चेहरा मोठा करून बघा आणि फक्त आयएसओ वर-खाली करा. अ‍ॅपर्चर आणि शटर कशासाठी ठरवलंय हे डोक्यात पक्कं असलं की उरलेलं काम आयएसओचं.

ऑटो मोडमध्ये घोटाळा होतो तो काळ्या पार्श्वभूमीमुळे. मांडवाचा मागचा पडदा काळा, पुढे पांढऱ्या सदऱ्यातले बुवा. कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो, अंधार बघून एक्स्पोजर वाढवतो आणि सदरा-चेहरा दोन्ही पांढरेफटक होतात. ऑटो आयएसओ वापरायचाच असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ वर ठेवा, फार अंधारात उणे १.७ पर्यंत. दिवे स्थिर असतील तर मात्र आयएसओसुद्धा हाताने बांधून टाकलेला बरा. दीडशे फोटो एकसारखे आले की नंतरचं एडिटिंग अर्ध्या तासात होतं.

आयएसओ ६४०० ला घाबरून १६०० वर काळे फोटो काढायचे आणि घरी कॉम्प्युटरवर उजळायचे, ही सवय सोडा. असा उजळलेला फोटो बहुतेक वेळा सरळ ६४०० वर नीट काढलेल्यापेक्षा बरा येत नाही, आणि मधल्या काळात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोकस बसलाय का तेही कळत नाही. दाणे नंतर डीनॉइजने काढता येतात. हललेला चेहरा काही केल्या सरळ होत नाही.

लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पखवाजवाल्याचा नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण १/३० वर ‘स्टॅबिलायझर आहे ना’ म्हणून काढलेले, चेहरा स्थिर आणि बाकी धूसर असे फोटो ढिगाने दिसतात.

हात कुठे थांबतात

हात सेकंदाला दोन मीटर वेगाने खाली आला तर १/२५० च्या शटरमध्ये तो ८ मिलिमीटर सरकतो, १/५०० मध्ये ४. म्हणजे १/२५० ला बोटं थोडी पुसट, १/५०० ला जवळपास स्पष्ट. पण उजेड १/५०० परवडण्याइतका नसतो. इथे कान कामाला लावायचे. थाप मारण्याआधी हात वर जातो आणि वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. त्या टोकाला १/१०० सुद्धा पुरतं. भजनी ठेका आठ मात्रांचा. दोन-तीन आवर्तनं नुसती ऐका, वाजवणारा समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी हात कुठपर्यंत उचलतो ते बघा आणि समेच्या किंचित आधी बटण दाबा. थाप ऐकून दाबलं तर हात तोवर निघून गेलेला असतो. गजर सुरू झाला की लय चढत जाते. चढण्याच्या सुरुवातीला फोटो घ्या. ती टोकाला पोचली की हातांचा नाद सोडून चेहऱ्यांकडे वळा, कारण तेव्हा वाजवणाऱ्यांचे आणि कोरसचे चेहरे खुलतात.

पखवाज आडवा असतो आणि दोन्ही पुड्यांवर वाजतो. दोन्ही हातांत दोन-सव्वादोन फुटांचं अंतर. बरोबर समोरून घेतलं तर दोन्ही हात आणि चेहरा कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर येतात, एफ/२ चालतं. तोच फोटो बाजूने, चार मीटरवरून ८५ मिमीने घेतला तर एफ/२ ला जेमतेम पाव मीटर खोली फोकसमध्ये असते. जवळचा हात, पुडीवरची कणीक स्पष्ट आणि पलीकडचा हात धुक्यात. दोन्ही हवे असतील तर एफ/५.६ लागेल, म्हणजे तीन स्टॉप, आयएसओ ३२०० चा २५६००. त्यापेक्षा चार पावलं चालून समोर जा. फोटोग्राफीत पायांनी वाचवलेले स्टॉप सगळ्यात स्वस्त.

पेटीचं उलट. पेटीची पाठ प्रेक्षकांकडे, पट्ट्या बुवांकडे, त्यामुळे समोरून नुसती लाकडी खोकी आणि भात्यावरचा डावा हात दिसतो. बोटं दाखवायची तर बुवांच्या उजव्या अंगाला या, कॅमेरा पेटीच्या वरच्या कडेहून थोडा उंच धरा. चेहरा आणि बोटं यांत चाळीस-पन्नास सेंटिमीटरचं मागेपुढे अंतर असतं, म्हणून पाच मीटरवरून ८५ मिमीला एफ/२.८ ठेवा. नुसत्या चेहऱ्यासाठी परत एफ/२.

माइक ही कायमची अडचण. भजनात बुवांसमोर गळ्याचा एक आणि पेटीचा एक, असे निदान दोन माइक असतात. ऑटोफोकस चेहऱ्याऐवजी माइकची जाळी पकडतो. आय डिटेक्शन असेल तर लावा. नसेल तर एकच फोकस पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा, कंटिन्युअस फोकसमध्ये. माइकचा दांडा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, समोरच्या रेषेपासून ३०-४५ अंश सरकून उभे राहा, म्हणजे ओठ मोकळे दिसतात. ‘आ’कारातल्या तानेला तोंड सुरेख उघडतं. ‘ई’वर ओठ ताणले जातात आणि फोटोत बुवा रागावल्यासारखे दिसतात, असे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकू नयेत.

रंगीत एलईडी

आताशा गावोगावी एलईडी पार आलेत आणि लायटिंगवाला ते बहुधा ऑटोवर सोडून चहाला जातो. सेन्सरवरचे निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. शुद्ध निळ्या उजेडात खऱ्या अर्थाने पाव पिक्सेलच काम करतात. चेहऱ्यावरचा तपशील जातो, निळा चॅनल फाटतो (मर्यादेबाहेर जाऊन तपशील हरवतो) आणि कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं ठीक आहे असं सांगतो. म्हणून तीन रंगांचा आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवा. एखादा रंग उजव्या भिंतीला चिकटला की दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली या. इतकं करूनही फोटो विचित्रच वाटला तर तो कृष्णधवल करा. गुलाबी-निळ्या चेहऱ्यांवर तोच प्रामाणिक उपाय आहे.

त्याहून बरा उपाय संध्याकाळी मांडव बांधतानाच करता येतो. लायटिंगवाल्याला गाठा आणि विनंती करा की समोरचे दोन पार वॉर्म व्हाइटवर स्थिर ठेव, रंगांचा खेळ मागच्या दिव्यांवर चालू दे. व्हिडिओवाल्यालाही तेच हवं असतं, त्यामुळे सहसा नाही म्हणत नाहीत. जमलं नाही तर रंगांची फेरी बघा. ऑटोवरची फेरी परत परत तशीच फिरते. पांढरा किंवा अंबर रंग कितव्या टप्प्यावर येतो ते ध्यानात आलं की तेवढ्यासाठी थांबायचं.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल. चेहऱ्यावर हॅलोजन असेल तर ३२०० केल्विन, पांढरी ट्यूब किंवा एलईडी असेल तर ५००० च्या आसपास बांधून टाका. मागचे दिवे पिवळे-निळे झाले तर होऊ द्या.

दशावतार

मध्यरात्रीनंतर रंगत जाणारा आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ. दोन बॅटऱ्या तरी हव्यात. मुख्य अडचण उजेडाच्या फरकाची: राजा मध्ये हॅलोजनखाली, आणि पायपेटी-पखवाज-झांजवाले बाजूला अंधारात. हा फरक तीन स्टॉपपर्यंत जातो. दोघं एका फ्रेममध्ये नीट येणार नाहीत हे मान्य करून टाका. कॅमेऱ्यातल्या कस्टम मोडमध्ये दोन सेटिंग साठवा: एक नटांसाठी, एफ/२.८, १/३२०, आयएसओ ३२००. दुसरं वाजवणाऱ्यांसाठी, एफ/२, १/१६०, आयएसओ ६४००. डायल फिरवला की झालं.

काळ्या वेशातला संकासुर आला की ऑटो एक्स्पोजर वेडं होतं, आणि किरीट-जरीचा राजा आला की उलट. मॅन्युअलमध्ये दोघांनाही तेच सेटिंग चालतं, कारण दिवा बदललेला नसतो. युद्धाच्या प्रवेशात १/५०० वर जा, गाण्याच्या प्रवेशात परत उतरा. किरीटावर उजेडाचे ठिपके फाटले तरी चालतील, कपाळ आणि गाल फाटता कामा नयेत. तोंडाला रंग जाड असल्याने चेहरा नेहमीपेक्षा उजळ असतो, एक तृतीयांश स्टॉप कमीच ठेवा.

जाखडी

मैदानातल्या जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये आणि नाचणारे भोवती गोल. बाहेरून फोटो घेतला तर मध्ये कोणाची तरी पाठ येतेच. नाचणाऱ्यांच्या मागे ऑटोफोकस पळवण्यापेक्षा घेराचा एक टप्पा धरा; प्रत्येक गडी तिथून जाणारच आहे. ३५ मिमी, एफ/४, फोकस हाताने चार मीटरवर. फुल फ्रेमवर साधारण तीन मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट राहतं. शटर १/३२०. खाली बसून काढा, पायातल्या चाळाला उठाव येतो. थोडे फोटो १/२० वर, कॅमेरा नाचणाऱ्याबरोबर फिरवत घ्या. दहातला एखादा जमतो, पण तो बाकीच्या नवांची भरपाई करतो. तांबडी माती उडत असते, तिथे लेन्स बदलू नका.

घरगुती भजनासाठी वेगळं काही लागत नाही. बारा बाय बाराच्या खोलीत क्रॉपवर २४, फुल फ्रेमवर ३५ मिमी. घरातल्या एलईडीसाठी १/१००, एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२००. फ्लॅश नको. फोकससाठी पेटणारा छोटा दिवा आणि बीप दोन्ही आधीच बंद करा, स्क्रीन मंद करा. मंदिरात गाभाऱ्याच्या दिशेने फोटो चालतो का ते देवस्थानच्या माणसाला विचारूनच काढा. डबलबारीत एक बारी संपून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ जागा बदलण्यासाठी; बारी चालू असताना दोन्ही बुवांच्या मधून जाऊ नये.

दमट हवा आणि खार

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. पुसली तरी परत येते. बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. थंडीतल्या जत्रांना पहाटे दंव पडतं. लेन्स हूड लावून ठेवा, खेळ थांबला की लेन्स आकाशाकडे तोंड करून ठेवू नका. पुढच्या काचेवर दंव बसलं तर फोटो एकदम दुधाळ होतात आणि दोष फोकसचा वाटतो, म्हणून तासातासाने टॉर्चने काच बघा.

किनाऱ्यालगतच्या मांडवात खारी हवा लागते. घरी आल्यावर किंचित ओलसर मायक्रोफायबरने बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग पुसा, मग कोरड्याने. आधी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर मीठ-मातीचे कण काचेवर घासले जातात. साठवताना हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. पावसाळ्यात घरातली हवा सहज ८० टक्क्यांवर जाते आणि चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. सिलिकाचे दाणे रंग बदलले की मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा वापरता येतात, रंग परतला की उतरवा. महिन्यातून एकदा लेन्स काढून टॉर्च आरपार धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवून दुरुस्तीला द्या. बुरशीचे हे धागे सुरुवातीला निघतात, मुरले की कोटिंग खातात.